नागपूरची तारीख अन् कांचळीतला खिसा

भिलई,
होळीच्या आठ दिवस आधी, सन १९५८

अन् खिसाच काहून शिवला, मी म्हणतो? घरात पिशवी होती, बटवा होता, दौलतसिंग भाऊजींची बंडी होती, तिले दोन दोन खिसे आहेत अन् दोन्हीत तंबाखूच्या भुरक्याबिगर काही नसते. इतकं सारं सोडून तुले जागा सापडली ती अंगातल्या कांचळीत! परवा माह्यासंगं कामावर असलेला सोमला आपल्या तांड्यावरून सुटी संपवून परत आला, अन् त्यानं चाळीस माणसांच्या पंगतीत सांगतलं, की अकोल्याकडच्या आपल्या मालेगावच्या बाजाराच्या दिवशी हेमलाच्या, म्हणजे माह्या, बहिणीनं कांचळीच्या डाव्या बाजूतून आधी सुपारी काढली, मग अडकित्ता काढला, मग मोटारीचं तिकीट काढलं, अन् शेवटी एक कोंबडीचं अंडं काढलं. अंडं फुटलेलं नव्हतं. कंडक्टर बिचारा परका माणूस, त्यानं विचारलं, बाई, तिकीट कुठं ठेवलं होतं तुमी? तं म्हणे तू भर मोटारीत बोलली, "डाक्टरनं खोली रिकामी केली बाप्पा, मी किरायानं देली." सारी मोटर हसली म्हणे. इथं चाळीस माणसं हसली. वाढणाऱ्याच्या हातची पळी वरणात बुडाली. मी हसलो नाही. (हसलो, पण नंतर, एकटाच, पाण्याच्या टाकीमागं जाऊन.)

हे मनातलं निघून गेलं, आता रीतीनं लिहितो. मायच्या जागी असलेली माही मोठी बहीण धुरपताबाई, हिच्या पायावर धाकट्या हेमलाचं डोकं. दौलतसिंग भाऊजींना रामराम. तांड्याचे नाईक गुलाबसिंग यांना लांबूनच रामराम, कारण जवळून केला तं ते काम सांगतात. कमलीबाईले रामराम, तिच्या गुडघ्याले आराम पडो. काळ्या बकरीले रामराम नाही, पण तिचा कान खाजवावा. अन् हे पत्र जो वाचून राह्यला, तो उदयसिंग, त्यालेही रामराम अन् विनंती, की जे कंसात आहे ते त्यानं मनातल्या मनात वाचावं. माही शाळा तिसरीत सुटली, पण कंस शिकल्यावर सुटली, हे देवाचे उपकार. इथं माही तब्येत ठीक आहे. भात खाऊन खाऊन पोट हलकं पडते, ज्वारीची भाकर सपनात येते, सपनातही तूच थापते अन् सपनातही पहिली भाकर भाऊजींनाच देते. तुही तब्येत कशी आहे? हे मी रीतीपुरतं विचारून नाही राह्यलो. सारे पत्रात विचारतात अन् सारे "ठीक" म्हणून लिहितात. मले याचं खरं उत्तर पाहिजे.

कारण तुले तुही तब्येत कवाच कळत नाही. ती गाठ पहिल्यांदा हाताले लागली तेव्हा हरभऱ्याएवढी होती, हे तू स्वतःच नागपूरच्या डाक्टरले सांगतलं. हरभऱ्याचं बोर झालं, बोराची सुपारी झाली, तोवर वरीस गेलं, अन् तू त्यावर पाला बांधून कापूस वेचत होती. मग गेल्या चैत्रात आपण तिघं नागपूरले गेलो. मले ती खोली अजून दिसते. वर झरोक्यात एक कबूतर बसलं होतं, मी त्याच्याकडंच पाहून राह्यलो होतो, खाली पाहायची माही हिंमत नव्हती. डाक्टरनं बिमारीचं नाव सांगतलं, कॅन्सर, अन् डावी बाजू पुरी काढावी लागते असं सांगतलं. भाऊजी म्हणाले, "हो साहेब." (भाऊजी साऱ्यालेच हो साहेब म्हणतात.) तू पदर सारखा करून विचारलं, "काढल्यावर मी भाकर थापीन का?" डाक्टर म्हणाला, थापाल. "डोक्यावर घागर?" हळूहळू. "होळीत नाचीन का?" त्यानं चष्म्याच्या वरून तुह्याकडं पाह्यलं अन् म्हणाला, मी स्वतः नाचत नाही, त्यामुळं मले सांगता येत नाही. तेव्हा कबूतर उडालं. मले वाटलं, हा माणूस खरं बोलते, याच्या हातात देऊ.

पुढचं सारं तुले माहीत आहे असं तू म्हणशीन. नाही माहीत. तू बैलगाडीत झोपली होती, तुले निम्मंच माहीत. सोमला इथं ते सांगते अन् दर वेळी नवीन सांगते. काल त्यानं भाऊजींची तिरडीही बांधून टाकली. म्हणून मी खरं काय झालं ते एकदा कागदावर करून ठेवतो, मी तिथं होतो.

नागपूरच्या नर्सले आपलं काय माहीत? चिरायच्या आधी तिनं तुह्या डाव्या हाताचा चुडा काढायले लावला. मनगटापासून दंडापर्यंत, साबण लावून लावून, एक एक बांगडी. आपल्यात दंडावरचा चुडा नवरा गेल्यावरच उतरते, हे तिले कोण सांगणार? मी सांगणार होतो, पण मराठीत सांगू का हिंदीत, याचा इचार करेपर्यंत अर्धा चुडा उतरला. (उदयसिंग, हे मनात वाच: गाठीसाठी बाई रडली नव्हती, चुड्यासाठी रडली. मी पाह्यलं अन् पुन्हा कबुतराकडं पाह्यलं.) मग महिन्याभरानं आपण परत आलो. मालेगावपर्यंत मोटर, तिथून तांड्यापर्यंत नाईकाची बैलगाडी. तू कडब्यावर झोपली, अन् डावा हात उशीवर उंच ठेवला, नर्सनं तसंच सांगतलं होतं, नाही तं सूज उतरत नाही. म्हणजे उघडा हात, बिनचुड्याचा, झेंड्यासारखा गाडीच्या वर. गाडी मी हाकत होतो. हाकत होतो म्हणजे बैलांना रस्ता माहीत होता. मी आभाळाकडं पाहून राह्यलो होतो. पळसाले फुलं नव्हती तरी मले लाल दिसत होतं, इतकं ते कलतं ऊन मऊ होतं, अन् मले वाटत होतं की ही गाडी तांड्यावर न थांबता अशीच चालत राहावी, तू झोपलेली, मी हाकतो, अन् कोणी काही विचारू नये. भाऊजी मागून पायी येत होते. नाल्याजवळ त्यांच्या पायात काटा मोडला, ते बाभळीखाली बसले. हे तू अर्ध्या झोपेत पाह्यलं, मले कळलं नाही. मी आभाळात होतो.

तांड्याच्या तोंडाशी कमलीबाई शेण गोळा करत होती. तिले गाडी दिसली, उघडा हात दिसला, अन् दौलतसिंग दिसला नाही. तिनं टोपली टाकली अन् जो गळा काढला, की नाल्यापल्याडची कुत्री उठून बसली. एका घटकेत साऱ्या बाया गाडीभोवती गोल करून बसल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून, सुरात. मले वाटलं, तुही बिमारी मोठी म्हणून रडून राह्यल्या. मले बरं वाटलं, इतकी माया आहे तांड्याले, म्हणून मीही रडलो. कमलीबाई तं सुरातच सांगत होती, असा नवरा होता, आधी बैलाले चारायचा मग जेवायचा, आवाज कसा तो कोणी ऐकला नाही, अन् माहा पितळेचा गडवा अकरा वर्सांपूर्वी नेला तो परत केला नाही रे देवा. तेवढ्यात तू जागी झाली. अन् आपल्यात रीत आहे ना, रडणं कानावर आलं की आधी रडायचं, कोण गेलं ते मागून विचारायचं. तं तू पडल्या पडल्या उजवा हात डोळ्यावर घेतला अन् साऱ्यांच्या वर आवाज काढला. चांगली दोन चिलीम ओढून होतील इतका वेळ रडली. मग थकली अन् शेजारी विचारलं, "कोण गेलं वो?"

"तुहा नवरा वो बाई!" कमलीबाई म्हणे.

"कवा?" तू ताडकन उठून बसली. "आत्ता तं मागं काटा काढून राह्यला होता!"

इथपर्यंत तुले माहीत आहे. इथून तुले माहीत नाही. तू उठून बसायच्या आधीच भाऊजी लंगडत लंगडत आले, तं त्यांना रडणं ऐकू आलं. त्यांना गाडी दिसली, बायांचा गोल दिसला, तू दिसली नाही. ते पुढं आलेच नाहीत. माणसं जिथं बसली होती तिथं मागच्या मागं बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं, अन् खाली मान घातली. गुलाबसिंग नाईकानं न पाहता बाजूच्या माणसाले धीर द्यायचा म्हणून चिलीम पुढं केली. भाऊजींनी घेतली नाही. एवढंच विचारलं, "कवा गेली?" नाईक म्हणाला, "कोण गेली? दौलतसिंग गेला." मग त्यानं तोंडाकडं पाह्यलं. अन् नाईक, ज्याले आपण कवाच गडबडताना पाह्यलं नाही, तो चिलमीसकट उभा राह्यला अन् ओरडला, "अरे दौलत, तूच तं गेला!"

सारे हसले. तूही हसली, टाक्याले हात लावून हसली. कमलीबाईनं तिथल्या तिथं गडवा मागितला. हसले नाहीत ते फक्त भाऊजी. (उदयसिंग, भाऊजी ऐकायले बसले असतील तं हे वाचू नको. नाही, थांब. वाच. मोठ्यानं वाच. मी कंस इथंच बंद करतो.) त्या सांजेले ते माह्याजवळ येऊन बसले अन् म्हणाले, "हेमला, साऱ्यांनी मले रडलं, अन् मी तिले रडलो. मी तिले मेलेली पाह्यलं रे." बस. तं बाई, तू जे तांडाभर सांगत फिरते, की दौलतसिंगाले मोटारीचं भाडं जड वाटते म्हणून तो नागपूरचं नाव काढू देत नाही, ते खरं नाही. नागपूर म्हटलं की त्याले तो गाडीभोवतीचा गोल दिसते. तो माणूस भाड्याले भीत नाही. तो रडण्याले भीतो, अन् तुह्यासमोर ते म्हणायची त्याची जीभ नाही.

अन् तू भीत नाही, ही दुसरी बिमारी. तुही जीभ म्हणते, मी धडधाकट आहे, धडधाकट माणूस दवाखान्यात जाते का, दवाखाना बिमाराचा आहे. सोमला म्हणे, डाव्या हाताची सूज पुरी गेली नाही म्हणून चुडा त्यात जात नाही, तं नाईकानं पंच बसवले, एक हात रिकामा असलेल्या बाईचा नवरा पुरा जिता धरायचा का अर्धा, यावर दोन दिवस बोलणं चाललं, अन् शेवटी ठरलं की दोन्ही हातांचा चुडा उजव्या हातात घालावा, नवरा पुरा धरावा. आता तू उजवा हात उचलला की दुकानदार भाव कमी करतो म्हणे, कारण त्याले वाटते हाणते. हे ऐकून मले इथं आनंद झाला, खोटं काहून बोलू? मी माह्या फळीवर पडलो अन् तुहा तो हात पाहत राह्यलो, चुड्यावर चुडा, खांद्यापर्यंत पांढरा, जसा काही बगळ्यांचा थवाच येऊन बसला.

अन् भिंतीचंही सोमलानं सांगतलं. नर्सनं तुले शिकवलं होतं ना, डाव्या हाताची बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चढवायची, रोज थोडी वर, नाही तं खांदा धरून बसते. तू बोटं गेरूत बुडवून चढवते म्हणे, म्हणजे काल कुठवर गेली ते आज दिसावं. चुलीपासून निघाली, दिवळीच्या वर गेली, खुंटीले ओलांडलं, आता आढ्याले टेकली. सोमलानं हे सांगतलं तेव्हापासून माहं काही खरं नाही. काल दुपारी आमी गिलाव्याचा माल वाहून राह्यलो होतो, इथं लोखंडाचा कारखाना उभा राहून राह्यला, त्याचं धुराडं इतकं उंच की वर पाह्यलं तं टोपी पडते. मी जरा टेकलो. अन् मले दिसलं की तुह्या बोटांचे ते लाल ठसे आढ्यातून वर निघाले, तांड्याच्या वरून, मालेगावच्या मोटारीच्या टपावरून, मग तारेच्या खांबांवर खांब, पाखरं बसतात तसे बसत बसत, अकोला, बडनेरा, नागपूर, अन् नागपूरले न थांबता इथवर आले, अन् त्या धुराड्यावर चढायले लागले, पाच पाच, पाच पाच, हळूहळू, कुठंच घाई नाही. वर पोचले अन् तिथून तू आवाज देला, "हेमला, जेवला का?" मी म्हणालो, "हो." मुकादम म्हणाला, "उठ, हरामखोरा." मी उठायले गेलो तं उठता येईना. मी ज्यावर टेकलो होतो ती सकाळी ओतलेली ओली फरशी होती. दोघांनी ओढून काढलं, धोतराचा काठ तिथंच राह्यला, अन् फरशीत माही बैठक अशी उमटली की कोणी पाहून सांगावं, इथं एक माणूस सुखात बसला होता. मुकादमानं ती माह्याच हातानं बुजवून घेतली. रोजी अर्धी कापली. मले वाईट त्याचं नाही. तू वरून आवाज देला होता अन् मी पुरं बोललोही नव्हतो.

संध्याकाळी मी इथल्या दवाखान्यात गेलो. धोतराखाली जे सोलवटलं होतं त्याले दवा पाहिजे होती. तिथला कंपाउंडर रायपूरकडचा म्हातारा आहे, दवा लावताना गाणं म्हणते. मी त्याले आपलं सहज विचारलं, माह्या एका दोस्ताच्या बहिणीले असं असं झालं, काढून टाकलं, आता ती खाते पिते, भांडते, नाचायची म्हणते, तं मग तिले पुन्हा दाखवायची काय गरज? त्यानं गाणं थांबवलं. म्हणाला, तुझ्या दोस्ताला सांग, ती चांगली आहे म्हणूनच दाखवायचं. तो रोग कधी कधी मागच्या दारानं येतो, काखेत, दुसऱ्या बाजूला, आल्याचं घरच्यांना कळत नाही, डाक्टरच्या बोटाला कळतं. लहान असताना धरला तर उपाय होतो. आणि बहुतेक वेळा काय होतं, माणूस इतक्या लांब जातो, डाक्टर पाहतो, आणि म्हणतो काही नाही, जा घरी. "काही नाही" एवढं ऐकायला जायचं, यालाच तपासणी म्हणतात. मग त्यानं पुन्हा गाणं सुरू केलं, अन् म्हणाला, तुझ्या दोस्ताला बसायला आठ दिवस त्रास होईल.

बाई, पाडव्यानंतरच्या सोमवारी तुही तारीख आहे. आश्विनातली हुकली. ही हुकू देऊ नको. होळीत नाच, मी नको म्हणत नाही, लेंगीची गाणी म्हण, डफाजवळ राह्य, उजव्या हातानं साऱ्यांना भेव दाखव. पण पाडव्याची गाठी मोडली, की रविवारी निघ. भाऊजींनाही सांग, की नागपूरले कोणी रडायले बसत नाही, तिथं साऱ्यांना घाई असते.

आता एक शेवटचं. तुहं मागचं पत्र आलं, पौषातलं. त्यात लिहिलं होतं, "चिरंजीव हेमसिंग यास अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तुझी आठवण येते. प्रकृतीस जपावे. सुखी राहावे." मी ते पत्र चारदा वाचलं, उलटं करून पाह्यलं, पाकिटात फुंकून पाह्यलं. एक शिवी नाही. माह्या जन्मापासून तू मले हेमसिंग म्हटलं नाही. माय गेली तेव्हा मी पाठीले बांधायच्या वयाचा होतो, तू मले पाठीवर घेऊन कापूस वेचायची अन् दर ओळीच्या शेवटी शिवी द्यायची, मी त्या शिव्यांवर बोलायले शिकलो. अन् आता तू म्हणते सुखी राहावे! माणूस जायचं ठरवते तेव्हा असं गोड होते, हे मी पाह्यलं आहे, आपला बा जायच्या आधी कुत्र्याले "बाळा" म्हणाला होता. त्या दिवसापासून मले जेवण लागत नाही. म्हणून मी हे पत्र भांडणानं सुरू केलं. तुले राग यावा म्हणून. आला का?

या खेपेले मनीऑर्डर पस्तीस रुपयांची करतो. सारं तपासणीच्या कामाले लावावं.

तुहा पाठीवरचा,
हेमला

ता. क. : उदयसिंग, माह्या मनात आता एक आलं. ते पौषातलं पत्र तू लिहिलं होतं. बाई बोलली काय अन् तू लिहिलं काय? तुह्याजवळ ते पत्रं लिहायचं पुस्तक आहे, मले माहीत आहे, त्यातलं पहिलं पान "अनेक उत्तम आशीर्वाद" असंच आहे. शिव्या जर तूच गाळल्या असशीन, तं मी तुह्यापायी दोन महिने अर्धा उपाशी राह्यलो. पुढल्या पत्रात बाई जे बोलेल ते, जसं बोलेल तसं लिही. लाज वाटली तं डोळे मिटून लिही. कागद कमी पडला तं पाठकोरा वापर. अन् एवढं मात्र खरं सांग, तिनं आवाज मोठा केला होता का?

ता. क. दुसरं : सोमलानं आणखी एक सांगतलं, ते मी मुद्दाम वर लिहिलं नाही, कारण मग मले भांडता आलं नसतं. तो म्हणे, त्या अंड्याच्या दिवशी बाजारात एक अनोळखी कुणब्याची बाई तुह्या मागं मागं फिरत होती. खिशावर सारे हसले, ती हसली नाही. मग तिनं तुले कापडाच्या दुकानामागं नेलं, अन् तू परत आली तं तुहं तोंड वेगळं होतं. तू तिले नागपूरचा दवाखाना, मोटारीची वेळ, कोणत्या दारानं जायचं, सारं सांगतलं, तिच्या नवऱ्याले बोलावून त्याले दम देला. तिसरी अशी बाई आहे म्हणे ही. म्हणजे खिसा दिसते म्हणून बाया विचारतात. शिवला ते चांगलं केलं, वरची शरम मी परत घेतो, खोडायले शाई पुरत नाही म्हणून तशीच राह्यली. पण तिघींना नागपूरले धाडते अन् स्वतः धडधाकट म्हणून घरी बसते, हा कुठला न्याय? त्या तिघी तिथं गेल्या अन् डाक्टरनं विचारलं, तुमाले पाठवणारी कुठं आहे, तं त्या काय सांगतील? बाजारात आहे म्हणून?

ता. क. तिसरं, अन् हे भाऊजींनी ऐकावं : आश्विनातली तारीख तुमच्यापायी हुकली नाही, बाईपायीही नाही. त्या तारखेले बाईले मी नेणार होतो, मीच कबूल केलं होतं. अन् दसऱ्याले भिलईची भरती निघाली, मले पायाले भिंगरी, मी गाडी धरली. बाईनं शिदोरी बांधून देली. हे मी साऱ्या पत्रात लिहायचं टाळत आलो, आता जागा संपली म्हणून लिहितो. या वेळी तुमी दोघं रविवारी मालेगावहून मोटारीनं अकोल्यापर्यंत या अन् तिथून रेल्वेनं नागपूरले. मी इकडून सोमवारी सकाळी पोचतो, टेसनावर उभा राहीन. परतीचं भाडं माह्याकडं.

सुटीचं असं आहे, की आमचा ठेकेदार पगारी सुटी देत नाही, पण घरून तार आली, की कोणी अत्यवस्थ आहे, तं देते. म्हणून इथं सारे तारा मागवतात. सोमलाची माय रामीबाई यंदा दोनदा अत्यवस्थ झाली अन् एकदा वारली. (उदयसिंग, रामीबाई तिथं बसली असेल तं हे मनात.) सारे म्हणाले, हेमला, तुह्या बहिणीची तं बिमारी खरीच आहे, तुले खोटंही बोलावं लागत नाही, मालेगावहून एक तार मागव. मी वेगळा कागद घेतला, उदयसिंगले लिहायले, अशी अशी तार कर म्हणून. "बहीण" लिहिलं. पुढचा शब्द लिहायचा होता. दुपार होती, कागदावर ऊन पडलं होतं, मी त्या एका शब्दापुढं इतका वेळ बसलो की मुकादम पाहून गेला, मी पुन्हा कशात रुतलो का म्हणून. तो शब्द मी लिहिला नाही. कागदावर नुसतं "बहीण" राह्यलं, तो कागद मी ठेवून देला आहे. मुकादमाले सरळ सांगतलं, घरी सारे मजेत आहेत, बहिणीले डाक्टरकडं "काही नाही" ऐकायले न्यायचं आहे, आठ दिवस पाहिजे. तो म्हणाला, मजेत असेल तं बिनपगारी. मी हो साहेब म्हणालो. म्हणून पस्तीस नव्हे, एकोणीस रुपये पाठवतो.